कापलेला ड्रॉपडाउन, दबलेला मोडल: पोर्टल वापरायची रीत

गोव्यातल्या एका भजन स्पर्धेच्या नावनोंदणीचं पान घ्या. पथकाचं नाव, तालुका, गाव, सदस्यांची यादी, सगळं गोल कोपऱ्यांच्या एका कार्डात. तालुक्याचा ड्रॉपडाउन उघडला की पेडणे, बार्देश, डिचोली नीट दिसतात, सत्तरी अर्धा कापला जातो आणि तिसवाडीपासून काणकोणपर्यंतचे आठ तालुके कार्डाच्या कडेखाली गडप होतात. झेड-इंडेक्स (कोण वर, कोण खाली हे ठरवणारा आकडा) 10 वरून 9999 केला तरी ढिम्म फरक पडत नाही. पडणारही नाही, कारण हा वर-खालचा प्रश्नच नाही.

अशा वेळी यादी कार्डाच्या आत न ठेवता डॉममध्ये (ब्राउझरने धरलेल्या पानातल्या एलिमेंटांच्या झाडात) दुसरीकडे, बहुतेक वेळा बॉडीच्या शेवटी, मांडतात. यालाच पोर्टल म्हणतात. रिअ‍ॅक्टमध्ये यासाठी क्रिएटपोर्टल आहे, व्ह्यूमध्ये टेलिपोर्ट. काम एका ओळीत होतं. पुढचा सगळा त्रास मात्र एकाच गोष्टीतून निघतो: पोर्टलमुळे डॉममधली जागा बदलते, कंपोनंटच्या झाडातली जागा बदलत नाही. म्हणजे झाडं दोन झाली. काही गोष्टी पहिल्या झाडाप्रमाणे चालतात, काही दुसऱ्या. कोणती कुठल्या झाडाची, हे ठाऊक असलं की बाकी कारागिरी आहे.

(फंक्शन आणि प्रॉपर्टींची नावं इथे देवनागरीत आहेत, एडिटरात ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.)

आधी निदान

तीन वेगळे आजार एकसारखे दिसतात.

पहिला, कापलं जाणं. वरच्या एखाद्या एलिमेंटला ओव्हरफ्लो हिडन, ऑटो किंवा स्क्रोल आहे आणि यादीची पोझिशन त्याच्या आतच ठरते. कार्डाला पोझिशन रिलेटिव्ह आणि गोल कोपऱ्यांसाठी ओव्हरफ्लो हिडन, ही जोडी यातली नेहमीची गुन्हेगार.

दुसरा, दबून जाणं. वरच्या एलिमेंटने नवा स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट तयार केलेला असतो. ट्रान्सफॉर्म, फिल्टर, 1 पेक्षा कमी ओपॅसिटी, विल-चेंज, आयसोलेशन आयसोलेट, पोझिशन फिक्स्ड किंवा स्टिकी, यांतलं काहीही त्याला पुरतं. आतला 9999 हा त्या कॉन्टेक्स्टपुरताच 9999. शेजारचा हेडर 2 वर असला आणि आपलं कार्ड 1 वर, तर हेडरच वर येतो.

तिसरा, फिक्स्ड असूनही फिक्स्ड न राहणं. वर कुठे ट्रान्सफॉर्म, फिल्टर, पर्स्पेक्टिव्ह किंवा कंटेन पेंट असेल तर पोझिशन फिक्स्ड खिडकीला न धरता त्या एलिमेंटला धरतं. कार्ड हळूच वर सरकत येण्याचं अ‍ॅनिमेशन लावलं आणि मोडल (पानाच्या वर उघडणारी चौकट) पडद्याच्या मध्याऐवजी कार्डाच्या मध्यात आला, तर कारण हेच.

पोर्टलने काम होईल का, हे कोड न लिहिता तपासता येतं. डेव्हटूल्सच्या एलिमेंट्स पॅनलमध्ये यादीचा नोड माउसने उचलून थेट बॉडीच्या शेवटी टाका. पूर्ण दिसली, भले जागा चुकलेली असो, तर पोर्टलने प्रश्न सुटेल. तिथेही आजार तसाच राहिला तर ट्रान्सफॉर्म खुद्द बॉडीवर आहे किंवा दोष यादीच्याच स्टाइलमध्ये आहे.

पोर्टलची गरज नसेलही

बारा तालुक्यांसाठी साधा सिलेक्ट पुरतो. त्याची यादी ब्राउझर स्वतः काढतो, ती कार्डात कापली जात नाही, आणि मोबाइलवर लोकांना हवी तशीच उघडते. डिझाइनमध्ये प्रत्येक पर्यायापुढे चित्र किंवा आत शोधपट्टी नसेल तर स्वतःचा ड्रॉपडाउन बनवण्याचा हट्ट सोडलेला बरा. कधी कधी ओव्हरफ्लो हिडन फक्त वरच्या फोटोचे कोपरे गोल करण्यासाठी असतो; ती गोलाई फोटोलाच द्या आणि कार्डावरचा नियम पुसून टाका.

दुसरा पर्याय ब्राउझरचा टॉप लेयर. डायलॉग एलिमेंट शोमोडल करून उघडला की तो डॉममध्ये कुठेही असला तरी सगळ्यांच्या वर दिसतो. ओव्हरफ्लो, ट्रान्सफॉर्म, झेड-इंडेक्स कशाचंच त्याच्यापुढे चालत नाही. फोकस आत नेणं, एस्केपने बंद होणं, मागचं पान निष्क्रिय होणं हेही आयतं मिळतं. मार्च 2022 पासून तो सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहे. पॉपओव्हर अ‍ॅट्रिब्यूट त्यानंतर आला: क्रोम 114 आणि सफारी 17 मध्ये 2023 साली, फायरफॉक्स 125 मध्ये 2024 साली. पॉपओव्हरला ब्राउझर मुळातच इन्सेट 0 आणि मार्जिन ऑटो देतो, त्यामुळे यादी बटणाखाली न येता पडद्याच्या मधोमध उगवते. मार्जिन 0 आणि इन्सेट ऑटो करून मग जागा द्या.

नव्या पानावर मोडल लिहायचा असेल तर आमचं मत सरळ डायलॉगच्या बाजूने. पोर्टल लागतं ते जुने ब्राउझर सांभाळायचे असताना, आधीची लायब्ररी पोर्टलवरच उभी असताना, किंवा एखादा तुकडा खरोखरच पानाच्या दुसऱ्या भागात दाखवायचा असताना. आतल्या पानाची बटणं वरच्या टूलबारमध्ये नेणं हे त्याचं उत्तम उदाहरण. तिथे टॉप लेयरचा काही उपयोग नाही.

रिअ‍ॅक्टमध्ये मांडणी

मुख्य एचटीएमएल फाइलमध्ये रूट डिव्हच्या खाली, त्याचा सख्खा शेजारी म्हणून, दुसरा रिकामा डिव्ह ठेवा आणि त्याला ओव्हरले असा आयडी द्या. थेट बॉडीत टाकलं तरी चालतं, पण वेगळी जागा असली की तपासायला आणि स्टाइल द्यायला सोपं जातं. आता रूट डिव्हला आयसोलेशन आयसोलेट द्या. या एका ओळीने अ‍ॅपमधले सगळे झेड-इंडेक्स रूटच्या आतच कोंडले जातात. ओव्हरले डॉममध्ये नंतर येत असल्याने त्यातली पोझिशन दिलेली कुठलीही गोष्ट झेड-इंडेक्सशिवाय वर दिसते.

कंपोनंटमध्ये रिअ‍ॅक्ट-डॉममधून क्रिएटपोर्टल घ्या. ते रिअ‍ॅक्टच्या 16 व्या आवृत्तीत, सप्टेंबर 2017 मध्ये आलं. पहिला आर्ग्युमेंट म्हणजे जे दाखवायचं ते जेएसएक्स, दुसरा म्हणजे डॉम नोड, तिसरा हवी असल्यास की (ओळखखूण). हे फंक्शन जे परत देतं ते जेएसएक्समध्ये नेहमीच्या जागी ठेवायचं. उघडं आहे की नाही हे स्टेट नेहमीसारखं पालक कंपोनंटकडेच राहतं.

दुसऱ्या आर्ग्युमेंटपाशी एक खड्डा आहे. रेंडर होताना तिथेच क्रिएटएलिमेंटने नवा डिव्ह बनवलात तर प्रत्येक रेंडरला नोड नवा, आणि नोड बदलला की रिअ‍ॅक्ट आतलं सगळं उतरवून पुन्हा चढवतं. लक्षण असं: मोडलमधल्या इनपुटमध्ये एक अक्षर टाइप केलं की फोकस उडतो. नोड स्वतः बनवायचाच असेल तर यूजस्टेटच्या फंक्शनमध्ये एकदाच बनवा, यूजइफेक्टमध्ये बॉडीला जोडा आणि त्याच इफेक्टच्या क्लीनअपमध्ये काढा. मोबाइलवर एक जागा आणि डेस्कटॉपवर दुसरी असं टार्गेट बदललं तरी हेच होतं: फोन आडवा केला आणि अर्धवट भरलेला मजकूर गेला.

सर्व्हरवर रेंडर होणाऱ्या पानात डॉक्युमेंट नसतो आणि रिअ‍ॅक्टचा सर्व्हर रेंडरर पोर्टल स्वीकारत नाही. क्लिकवर उघडणाऱ्या मोडलला याची झळ लागत नाही, कारण पहिल्या रेंडरला तो बंदच असतो. पान उघडताक्षणी दिसणारी सूचना असेल तर माउंट झाल्याचं स्टेट आधी फॉल्स ठेवा, इफेक्टमध्ये ट्रू करा, आणि ट्रू असेल तरच पोर्टल परत द्या. नेक्स्टच्या अ‍ॅप राउटरमध्ये फाइलच्या माथ्यावर यूज क्लायंट लागेलच.

यादी बटणाखाली आणणं

कार्डात असताना टॉप 100 टक्के दिलं की यादी बटणाखाली यायची. आता ती बॉडीच्या टोकाला आहे, तेव्हा हिशेब आपल्याला करावा लागतो. बटणावर गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट बोलवा. आकडे खिडकीच्या सापेक्ष मिळतात, म्हणून यादीला पोझिशन फिक्स्ड देऊन टॉपमध्ये बॉटमचा आकडा आणि लेफ्टमध्ये लेफ्टचा आकडा थेट टाकता येतो. अ‍ॅब्सोल्यूट वापरलंत तर त्यात स्क्रोलवाय आणि स्क्रोलएक्स मिळवावे लागतात. दोन्हींची सरमिसळ झाली की पान वर असताना सगळं ठीक दिसतं आणि खाली स्क्रोल केल्यावर यादी भलतीकडे जाते. किमान रुंदी बटणाच्या रुंदीइतकी ठेवा.

हिशेब यूजलेआउटइफेक्टमध्ये करा. यूजइफेक्टमध्ये केला तर यादी क्षणभर डाव्या कोपऱ्यात चमकून मग जागेवर येऊ शकते. यादी उघडी असेपर्यंत स्क्रोल आणि रिसाइझवर हिशेब पुन्हा चालवा. स्क्रोलचा लिसनर विंडोवर लावताना कॅप्चर ट्रू हवाच: आतल्या स्क्रोल होणाऱ्या डिव्हचा स्क्रोल इव्हेंट बबल होत नाही, तो कॅप्चरमध्येच पकडता येतो. बटणाखालची जागा यादीच्या उंचीपेक्षा कमी पडली तर यादी बटणाच्या वर उघडा. हे सगळं हाताने लिहिण्यापेक्षा फ्लोटिंग यूआय ही लायब्ररी घेणं बहुतेकांना परवडतं.

इव्हेंट कुठल्या झाडावर चढतात

रिअ‍ॅक्टचे इव्हेंट कंपोनंटच्या झाडावर चढतात, डॉमच्या नाही. रिअ‍ॅक्टचा कॉन्टेक्स्टही (वरून खालच्या कंपोनंटांना मिळणारी माहिती) तसाच पोचतो, आणि तो पोचणं हवंच असतं. इव्हेंट मात्र नको तिथे पोचतात.

नावनोंदणीच्या फॉर्मात सदस्य जोडा असं बटण आहे. त्याने मोडल उघडतो, मोडलमध्ये नाव आणि वाद्य विचारणारा छोटा फॉर्म आहे. हार्मोनियमवाल्याचं नाव भरून जोडा दाबलं आणि अख्ख्या पथकाची नोंदणी अर्धवटच सर्व्हरला गेली. डॉममध्ये हे दोन फॉर्म एकमेकांत नाहीत, ब्राउझरची काही तक्रार नाही. पण जेएसएक्समध्ये मोडल बाहेरच्या फॉर्मच्या पोटात लिहिलेला आहे, म्हणून आतला सबमिट चढत चढत बाहेरच्या ऑनसबमिटपर्यंत गेला. आतल्या हँडलरमध्ये प्रिव्हेंटडिफॉल्टसोबत स्टॉपप्रोपगेशन करा. त्याहून बरं म्हणजे मोडलचं जेएसएक्सच फॉर्मच्या टॅगबाहेर, त्याच्या शेजारी आणा. मग पुढे क्लिक, फोकस, कीडाउन यांचं शेपूट वेगवेगळं तोडत बसावं लागत नाही.

उलट बाजूही बघा. फॉर्मचं सबमिट बटण पोर्टलने टूलबारमध्ये नेलंत तर डॉमच्या दृष्टीने ते फॉर्मात नाही, दाबून काहीच होणार नाही. बटणाला फॉर्म अ‍ॅट्रिब्यूट देऊन त्यात फॉर्मचा आयडी लिहा.

बाहेर क्लिक केल्यावर बंद होणाऱ्या यादीचा घोटाळा यापेक्षा फसवा. डॉक्युमेंटवर पॉइंटरडाउनचा लिसनर असतो, तो कंटेन्सने विचारतो की क्लिक ड्रॉपडाउनच्या आत झाला का. कंटेन्स डॉम बघतो. यादी आता डॉममध्ये बाहेर आहे. उत्तर नाही असं येतं. वापरणाऱ्याला दिसतं ते इतकंच: फोंडा वर बोट टेकवलं, यादी मिटली, आणि निवड झालीच नाही, कारण क्लिक नोंदला जाण्याआधीच यादी उतरली. बटण आणि यादी या दोघांना वेगवेगळे रेफ (डॉम नोड धरून ठेवणारे दुवे) द्या आणि दोन्हींत नसेल तरच बंद करा. पोर्टलात पोर्टल असेल तर रेफ गोळा करत बसू नका. ड्रॉपडाउनच्या बाहेरच्या एलिमेंटवर ऑनपॉइंटरडाउनकॅप्चर लावून एका रेफमध्ये आत झाला अशी खूण करा. डॉक्युमेंटचा लिसनर ती खूण बघून पुसतो, आणि खूण नसेल तरच यादी बंद करतो. इथे कंपोनंटच्या झाडावर चढणारे इव्हेंट आपल्या कामी येतात.

मोडलवर मोडल असेल तर एस्केपने दोन्ही एकदम बंद होतात, तेही याच कारणाने. आतल्याने कीडाउन थांबवायला हवा.

थीम, भाषा आणि कापलेल्या मात्रा

स्टाइलचा वारसा मात्र डॉमच्या झाडाने येतो. रूट डिव्हवर गडद थीमचा क्लास असेल तर पोर्टलमधली यादी पांढरीफटक उघडते. सीएसएस व्हेरिएबल तिथपर्यंत पोचतच नाहीत. थीम, फॉन्ट, लँग, दिशा हे सगळं एचटीएमएल टॅगवर न्या, प्रश्न मिटला.

देवनागरी पानांत याची एक खास खोड आहे आणि इंग्रजीत चाचणी करणाऱ्यांना ती दिसत नाही. रूटला लाइन-हाइट 1.7 दिलेली, ओव्हरलेला काहीच नाही, आणि रिसेट फाइलमधून बॉडीला 1.2 मिळालेली. लांब नावं तीन टिंबांनी तोडण्यासाठी प्रत्येक पर्यायाला ओव्हरफ्लो हिडन आहे. मग बार्देश मधला रफार आणि मात्रा वरून छाटले जातात, मुरगाव चा उकार खालून. लाइन-हाइटही वरच ठेवा आणि पर्यायांना वर-खाली थोडं पॅडिंग द्या.

गोव्यातल्या बऱ्याच साइटी कोंकणी, मराठी आणि इंग्रजी तिन्ही भाषांत असतात आणि भाषा बदलली की लँग अ‍ॅट्रिब्यूट आतल्याच एखाद्या डिव्हवर बदलतो. पोर्टल एचटीएमएलवरचा जुना लँग उचलतं. स्क्रीन रीडर मराठी यादी इंग्रजी आवाजात वाचू लागतो. शिवाय ज्या फॉन्टात मराठीसाठी अक्षरांचे वेगळे आकार दिलेले असतात त्यात डिचोलीचा ल आणि बार्देशचा श फॉर्मात एका वळणाचे आणि यादीत दुसऱ्या वळणाचे दिसतात. भाषा बदलताना एचटीएमएल टॅगवरचाच लँग बदला.

फोकस

टॅबचा क्रमही डॉमचाच. तालुक्याच्या बटणावरून टॅब दाबला की फोकस यादीत न जाता गावाच्या खान्यात जातो. यादीसाठी सरळ उपाय म्हणजे फोकस हलवायचाच नाही: बटणाला किंवा इनपुटला कॉम्बोबॉक्स रोल, एरिया-एक्स्पांडेड, एरिया-कंट्रोल्समध्ये यादीचा आयडी, आणि बाणाच्या कळांनी पुढे-मागे करताना एरिया-अ‍ॅक्टिव्हडिसेंडंटमध्ये चालू पर्यायाचा आयडी.

मोडलला फोकस आत न्यावा लागतो. डायलॉग रोल, एरिया-मोडल ट्रू आणि शीर्षकाच्या आयडीचा एरिया-लेबल्डबाय द्या. उघडताना रूट डिव्हला इनर्ट (आतलं सगळं निष्क्रिय करणारा अ‍ॅट्रिब्यूट) लावा. मोडल ओव्हरलेमध्ये, म्हणजे रूटच्या बाहेर असल्याने तो जिवंत राहतो. बंद करताना क्रम पाळा: आधी इनर्ट काढा, मग उघडणाऱ्या बटणावर फोकस परत न्या. उलट केलंत तर इनर्ट बटण फोकस घेत नाही, आणि कीबोर्डवाला माणूस पानाच्या सुरुवातीला जाऊन पडतो.

डायलॉगच्या आत पोर्टल

दोन्ही पद्धती एकत्र आल्या की हमखास अडतं. शोमोडलने उघडलेल्या डायलॉगमध्ये तालुक्याचा ड्रॉपडाउन आहे आणि त्याची यादी पोर्टलने बॉडीत जाते. डायलॉग टॉप लेयरमध्ये, यादी खाली; वर डायलॉगबाहेरचं सगळं इनर्ट झालेलं. यादी दिसतही नाही, दाबलीही जात नाही. झेड-इंडेक्स टॉप लेयरला हरवू शकत नाही. यादीला पॉपओव्हर करून वर आणलंत तर दिसेल, पण डॉममध्ये डायलॉगबाहेर असल्याने निष्क्रियच राहील. उपाय एकच: पोर्टलचं टार्गेट डायलॉगच्या आत हवं. टार्गेट कॉन्टेक्स्टमधून द्या; मूळ किंमत ओव्हरले डिव्ह, आणि डायलॉग कंपोनंटने आपल्या मुलांसाठी ती बदलून स्वतःचा नोड द्यायचा. टोस्टवर (क्षणभर दिसणाऱ्या सूचनेवर) रद्द करा असं बटण असेल तर त्यालाही हाच नियम.

शॅडो डॉममध्येही (बाकी पानापासून स्टाइल वेगळी ठेवणाऱ्या डॉममध्ये) असंच. बॉडीत गेलेल्या यादीला शॅडो रूटमधली स्टाइल लागत नाही, म्हणून टार्गेट शॅडो रूटमध्येच ठेवा.

व्ह्यू आणि इतर

व्ह्यू 3 मध्ये टेलिपोर्ट आयताच आहे. त्याच्या टू प्रॉपमध्ये सीएसएस सिलेक्टर किंवा नोड द्या. टेलिपोर्ट माउंट होताना टार्गेट डॉममध्ये असलंच पाहिजे, नाहीतर कन्सोलमध्ये इशारा येतो आणि पडद्यावर काही येत नाही. टार्गेट व्ह्यूच्याच टेम्प्लेटमध्ये पुढे कुठे असेल तर 3.5 पासून मिळणारा डिफर लावा. डिसेबल्ड प्रॉपने तोच तुकडा मूळ जागी परत आणता येतो आणि आतलं स्टेट टिकतं. रिअ‍ॅक्टपेक्षा हे सुखाचं.

इव्हेंटचा नियम इथे वेगळा. कंपोनंटचे इमिट पालकाकडे जातात, पण क्लिकसारखे ब्राउझरचे इव्हेंट डॉमच्याच झाडावर चढतात. त्यामुळे वरचा फॉर्मात फॉर्मचा घोटाळा होत नाही, आणि कार्डावर लावलेल्या कीडाउनवर विसंबून राहिलात तर तो कधीच येत नाही. स्कोप्ड स्टाइल टेलिपोर्ट झालेल्या एलिमेंटला लागते. कार्डाच्या आतला ड्रॉपडाउन अशा धाटणीचा सिलेक्टर मात्र लागत नाही. कंपोनंटचा रूटच टेलिपोर्ट असेल तर बाहेरून दिलेला क्लास आपोआप आत उतरत नाही. व्ही-बाइंडने अ‍ॅट्रिब्यूट हाताने लावा. सर्व्हर रेंडरिंगमध्ये टार्गेट बॉडी नको, वेगळा डिव्ह ठेवा.

अँग्युलरमध्ये सीडीकेचा ओव्हरले हे काम करतो. जुन्या आवृत्त्यांत त्याची तयार सीएसएस जोडायची राहिली तर यादी पानाच्या तळाशी साध्या मजकुरासारखी येऊन पडते. सॉलिडमध्ये पोर्टल आहे, टार्गेट माउंट प्रॉपने द्यायचं. स्वेल्टमध्ये आयतं काही नाही. नोड टार्गेटला जोडणारी आणि शेवटी काढणारी छोटी अ‍ॅक्शन लिहा.

चाचणी करताना

रिअ‍ॅक्ट टेस्टिंग लायब्ररीत रेंडरने दिलेल्या कंटेनरमध्ये मोडल सापडत नाही, त्याचा स्नॅपशॉट रिकामा येतो. त्याच लायब्ररीच्या स्क्रीन ऑब्जेक्टवरून शोधा, तो सगळी बॉडी बघतो. ओव्हरले डिव्ह चाचणीत स्वतः बनवला असेल तर प्रत्येक चाचणीनंतर काढा, पण त्याआधी कंपोनंट अनमाउंट करा. ओव्हरलेचा इनरएचटीएमएल हाताने रिकामा केलात तर रिअ‍ॅक्ट नंतर तोच नोड काढायला जातं आणि रिमूव्हचाइल्डची चूक फेकतं. हीच चूक प्रत्यक्ष वापरात ब्राउझरचं भाषांतर चालू असतानाही येते: भाषांतर करणारा मजकुराचे नोड फॉन्ट टॅगमध्ये गुंडाळतो, आणि सतत चढणाऱ्या-उतरणाऱ्या टोस्ट-मोडलमध्ये ते लवकर उघडं पडतं. अटीवर बदलणारा मजकूर उघडा न ठेवता स्पॅनमध्ये ठेवा, आणि एकदा तरी क्रोममध्ये पान मराठीतून इंग्रजीत करून मोडल उघडून-मिटून बघा.